हाकोनेचे आशी सरोवर : एक मुक्काम ठेवूनच पाहावे

मुंबईहून निघणाऱ्या जपानच्या अनेक सहलींमध्ये टोकियोजवळचे, गरम झऱ्यांचे हाकोने एका दिवसात उरकले जाते : सकाळी टोकियोहून बस, एक रोपवे, एक बोट, छायाचित्रे आणि रात्री पुन्हा टोकियो. त्यात तळे दिसते. पण गरम पाण्याचे स्नान राहून जाते आणि ढगांमुळे फुजी पर्वत दिसला नाही, तर दुसरी संधीही मिळत नाही. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी म्हणूनच येथे किमान एक रात्र काढावी.

आशी सरोवर, जपानीत आशीनोको, हे हाकोने ज्वालामुखीच्या खचलेल्या विवरात सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे. साधारण ३,००० वर्षांपूर्वी कामियामा या शिखराचा एक भाग कोसळला, त्या ढिगाऱ्याने हायाकावा नदी अडली आणि पाणी साठत गेले. तळ्याचे पाणी मात्र थंडच असते. गरम पाणी आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये, जमिनीखालून येते.

भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागतो, त्याची तजवीज तिकिटांबरोबरच करावी. टोकियोतील शिंजुकू स्थानकातून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार ही गाडी सुमारे दीड तासात थेट हाकोनेच्या पायथ्याच्या हाकोने-युमोतो स्थानकाला पोहोचवते. हिचे आरक्षण शुल्क वेगळे भरावे लागते. जपान रेल पास असल्यास शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जवळच्या ओदावारा स्थानकापर्यंत यावे, कारण तो पास पुढच्या डोंगरी गाडीवर चालत नाही. दोन दिवसांचा हाकोने फ्री पास घेतला की डोंगरी रेल्वे, केबल कार, रोपवे, ठरावीक बस आणि जहाज यांची वेगवेगळी तिकिटे काढावी लागत नाहीत. तळ्यावर दुसऱ्या कंपनीच्या बोटीही फिरतात; त्यांवर हा पास चालत नाही, तेव्हा रांगेत उभे राहण्यापूर्वी धक्का तपासावा.

युमोतोला उतरल्यावर मोठ्या बॅगा स्थानकावरील सामान-सेवेकडे सोपवाव्यात. त्या त्याच दिवशी मुक्कामी पोहोचतात. बॅगा ओढत गाडी, केबल कार आणि रोपवे अशी चढउतार करणे म्हणजे गर्दीच्या वेळी दादरला जिना चढण्यासारखे आहे. १९१९ साली सुरू झालेली डोंगरी रेल्वे युमोतोहून तीन ठिकाणी दिशा उलटवून गोरा या स्थानकापर्यंत चढते. तेथून केबल कारने सोउन्झान आणि पुढे रोपवेने ओवाकुदानी गाठावे.

ओवाकुदानी हा या प्रवासाचा गाभा आहे. पाळण्याखाली पिवळ्या गंधकाचे थर दिसू लागतात, कड्यांतून वाफा उसळतात आणि दार उघडताच नासक्या अंड्याचा दर्प नाकात शिरतो. गरम झऱ्याच्या पाण्यात उकडलेली काळी अंडी येथे विकली जातात. पाण्यातील लोह आणि गंधक यांच्या संयोगाने कवच काळे होते, आतले अंडे मात्र पांढरेच निघते. एक अंडे खाल्ल्यास आयुष्य सात वर्षांनी वाढते अशी तिथली समजूत आहे. दमा, हृदयविकार किंवा पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी येथे उतरू नये. २०१५ मध्ये लहानसा उद्रेक झाल्यावर हा परिसर बंद ठेवला होता. आजही वायू किंवा वारा वाढला की रोपवे थांबवून पर्यायी बस सोडतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची स्थिती पाहावी.

रोपवे तोगेन्दाईला संपतो आणि तिथल्याच धक्क्यावरून चाच्यांच्या गलबतांसारखी सजवलेली जहाजे सुटतात. सजावट पोरकट वाटली तरी प्रवास सुंदर आहे; वरच्या उघड्या डेकवर उभे राहावे, मात्र उन्हाळ्यातही एखादे जॅकेट जवळ असावे. तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या हाकोने-माची किंवा मोतो-हाकोने या धक्क्यांपर्यंत अर्धा-पाऊण तास लागतो. फुजीसाठी हिवाळ्यातील सकाळ सर्वांत भरवशाची. जून-जुलैत पावसामुळे फारशी आशा ठेवू नये. पहिल्या दिवशी ढग असतील तर दुसऱ्या सकाळी त्याच पासवर पुन्हा बसता येते.

स्नानासाठी गोरा किंवा सेन्गोकुहारा भागातले ऱ्योकान, म्हणजे पारंपरिक अतिथिगृह, निवडावे. तेथे काही ठिकाणी ओवाकुदानीचे दुधट, गंधकयुक्त पाणी मिळते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांसह उतरतो. येथे स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी असतात आणि कपडे न घालताच उतरतात. आधी स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे, लांब केस वर बांधावेत आणि छोटा पंचा पाण्यात बुडवू नये. गंधकाने चांदी काळी पडते, त्यामुळे जोडवी, पैंजण आणि चांदीची साखळी खोलीतच ठेवावी. संकोच वाटत असल्यास कुटुंबापुरते खासगी कुंड असलेली जागा पाहावी. गोंदवलेले असल्यास तिथला नियम आधीच विचारावा. पाणी चांगलेच गरम असते, दहा मिनिटे पुरे.

शाकाहाराविषयी आरक्षण करतानाच स्पष्ट लिहावे. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, आणि ऐनवेळी स्वयंपाकघर काहीच बदलू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी हाकोने मंदिराच्या पाण्यातील लाल तोरणद्वारापाशी लवकर जावे. नंतर छायाचित्रासाठी लांब रांग लागते. मोतो-हाकोनेहून ओदावाराकडे जाणाऱ्या बसगाड्या सुट्टीच्या दिवशी घाटात खोळंबतात, त्यामुळे संध्याकाळचे विमान असेल तर दुपार होण्यापूर्वीच खाली उतरावे.