घरच्या डब्यांतून वनस्पतिजन्य आहार सुरू करताना या चुका टाळा

वनस्पतिजन्य आहार सुरू करायचा म्हटले की बहुतेक घरांत आधी खरेदीची यादी निघते. बदामाचे दूध, टोफू आणि महागड्या परदेशी बिया यांवर पहिल्याच महिन्यात इतका खर्च होतो की दुसऱ्या महिन्यात सगळेच बंद पडते. वास्तविक नाशिककडच्या घरांत बाजरी, मटकी, हुलगे, काळे उडीद, शेंगदाणे आणि तीळ यांचे डबे बहुधा भरलेलेच असतात, आणि पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) व खुरासणी (कारळे) बाजारात मिळते. पिठले-भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, उडदाची आमटी, भगर आणि दाण्याची आमटी हे पदार्थ तूप-लोणी वगळले की जसेच्या तसे या आहारात बसतात. बिघडते ते पुढे: ताटातून दूध, दही आणि अंडी काढली जातात, पण त्यांची जागा भरायची राहून जाते.

पातळ वरणावर भागवणे

मी दूध आणि अंडी सोडली तेव्हा पहिले तीन आठवडे पोळी, भाजी, भात आणि पातळ वरण एवढेच जेवत होते, आणि दुपारी चारच्या सुमारास अगदी गळून जात होते. एका सकाळी शिजवण्यापूर्वीची तूरडाळ काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा चार माणसांच्या वरणासाठी मी जेमतेम 80 ग्रॅम डाळ घेत होते हे ध्यानात आले. म्हणजे माझ्या वाटीत 20 ग्रॅम डाळ आणि तिच्यातून साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने येत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 55 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम. दिवसभरात मिळून माणशी 100 ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य (सुमारे 22 ग्रॅम प्रथिने), 200 ग्रॅम बाजरी किंवा गहू (सुमारे 20 ग्रॅम) आणि मूठभर शेंगदाणे (सुमारे 7 ग्रॅम) असले की हा हिशेब जमतो. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी असते आणि डाळींत मेथिओनिन कमी असते, त्यामुळे दोन्ही पोटात जाणे आवश्यक आहे. मात्र ती एकाच घासात असली पाहिजेत असे नाही, एका दिवसात आली तरी पुरते. भाजीत दाण्याचे कूट सढळ हाताने घालणे हा माझ्या मते सर्वांत सोपा उपाय आहे.

कडधान्ये एकदम वाढवणे, आणि मोड न येणे

हा हिशेब कळल्यावर उत्साहाने रोज दोन्ही वेळा उसळ सुरू केली, तर पोट फुगते आणि दोष कडधान्यांच्या माथी बसतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच वाटी ठेवावी, कडधान्य आठ ते दहा तास भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात हिंग घालून मऊ होईपर्यंत शिजवावे. लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय सोडावी, कारण त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. डाळ शिजतच नसेल तर चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी पडले नाहीत ना, हे पाहावे. आंबट पदार्थामुळे डाळीचा दाणा ताठ राहतो. राजमा आणि सोयाबीन मात्र कधीही अर्धेकच्चे खाऊ नयेत.

मोडांची तक्रार आपल्याकडे विशेषतः डिसेंबर-जानेवारीत येते. निफाडचा पारा एक आकडी झाला की ओट्यावरच्या पुरचुंडीतली मटकी दुसऱ्या सकाळीही तशीच गप्प बसलेली दिसते. अशा दिवसांत मटकी कोमट पाण्यात भिजवावी, पूर्ण निथळून सुती फडक्यात सैल बांधावी आणि ती पुरचुंडी डब्यात घालून रात्री स्वयंपाक झाल्यावर गॅसच्या शेजारी, उबदार भांड्यांत ठेवावी. फडके ओले असावे, पण पिळल्यावर पाणी टपकू नये. बोटांना चिकट लागले आणि आंबूस वास आला, तर ती मटकी धुऊन वापरण्याचा मोह टाळून टाकून द्यावी.

ब-12 जीवनसत्त्व घरातच मिळेल असे समजणे

या एका बाबतीत स्वयंपाकघर पुरे पडत नाही, आणि हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. इडली, आंबील, मोड आलेली कडधान्ये किंवा स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांपैकी कशावरही ब-12 साठी विसंबता येत नाही. शिवाय या आहारात फोलेट (ब-9 जीवनसत्त्व) भरपूर असल्याने ब-12 च्या कमतरतेने रक्तात होणारा बिघाड झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नये. सुरुवातीलाच रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी ठरवावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या आहारात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करूच नये.

दुधाऐवजी शेंगदाण्याचे दूध, पण कॅल्शियमचे काय?

रात्रभर भिजवलेले एक वाटी शेंगदाणे चार वाट्या पाण्यात वाटून गाळले आणि ढवळत उकळले की उत्तम दूध होते. त्यात प्रथिने आहेत, परंतु गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नाही. ते नागलीतून (100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम), न सोललेल्या तिळांतून आणि शेवग्याच्या पाल्यातून घ्यावे. पालकातील कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे अंगी फारसे लागत नाही. जवसही अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचता बाहेर पडते, म्हणून ते भाजून चटणी करावी.

जेवणावर लगेच चहा

धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते, आणि चहातील टॅनिन त्यात आणखी अडथळा आणते. उलट उसळीवर लिंबू पिळले तर शोषण वाढते. त्यामुळे चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा. शेंगदाण्याचे दूध चहात फाटत असेल, तर गूळ आणि आले घालून चहा पूर्ण उकळावा, गॅस बंद करून दोन मिनिटे थांबावे आणि मग कोमट दूध हळूहळू ओतावे. दूध घातल्यावर चहा पुन्हा उकळू नये.