आरोग्य तपासणीचं पथक येतंय? या चुका टाळा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदाच. हा एकुलता एक दिवस आम्ही शिक्षक मंडळी बहुतेक वेळा रांगा सरळ करण्यात घालवतो.

खरा घोळ होतो डोळ्यांच्या तक्त्यापाशी. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवली. आठवड्याभरानं पाहते तर फळ्यावरचं उतरवताना स्वारी शेजारच्याच्या वहीत डोकावतेय. रांगेत पुढच्या पोरांचं ऐकून ऐकून तक्ता पाठ झाला होता त्याचा! तेव्हापासून मी रांग आवाज पोचणार नाही इतकी लांब लावते आणि अक्षरं उलट्या क्रमानं विचारायला सांगते. तक्ता सहा मीटरचा असेल तर अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. वर्गात जागा नसेल तर व्हरांडा बरा, फक्त तक्त्यावर उन्हाची तिरीप नको. डोळा झाकायला पुठ्ठ्याचा तुकडा द्या. बोटांच्या फटीतून पोरं बघतात, नाहीतर डोळा इतका दाबतात की नंतर त्यानं धूसरच दिसतं. आणि ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो आणलाय का बघा. चिडवतील म्हणून तो दप्तराच्या तळाशी असतो.

वजनकाटा सपाट फरशीवर ठेवा, बूट काढायला लावा. एवढं पुरे.

गैरहजर मुलांचं काय? आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं वर्गातून गायब. पथक नेमकं तेव्हा आलं तर त्यांची तपासणी राहूनच जाते. त्यांची नावं त्याच दिवशी लिहून पथकाला द्या आणि जवळच्या शाळेत पथक पुन्हा कधी येणार ते विचारून ठेवा.

आता चिठ्ठी. पुढच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी मुलाच्या हातात दिली की ती गेलीच म्हणून समजा. पालकांना बोलावून द्या. तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या, कारण एक फुकट खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. हृदयात आवाज येतोय असं निघालं तर घरचे हमखास म्हणतात, "खेळतंय की चांगलं, त्याला काय झालंय?" अशा वेळी उपचार, अगदी शस्त्रक्रियासुद्धा, या कार्यक्रमात मोफत होते हे पहिल्याच वाक्यात सांगा. ऑपरेशनचा शब्द कानावर पडला की पुढचं कुणी ऐकत नाही.

मी रजिस्टरात एक जादा रकाना आखलाय, 'दाखवलं का?' दर शनिवारी शाळा सुटली की तो बघते. रिकामा दिसला की आईला फोन.