परदेशात व्हॉलंटिअर म्हणून जायचंय? मग देश सगळ्यात शेवटी ठरवा

मला कोणी विचारलं की व्हॉलंटिअरिंगला जायचंय तर पहिला प्रश्न हमखास असतो, कुठल्या देशात जाऊ. देश राहू द्या बाजूला. आधी एक कागद घ्या आणि तुम्हाला काय येतं ते लिहून काढा, म्हणजे कोणी पैसे मोजून तुमच्याकडून करून घेईल असं काय येतं. हिशेब ठेवता येतात, नर्सिंग केलंय, पाइपलाइनचं काम येतं, शिक्षकांना ट्रेनिंग दिलंय, एक्सेल चांगलं चालवता येतं, काहीही असू दे. लोकांना मदत करायला आवडतं हे त्यात धरू नका, ते सगळ्यांनाच आवडतं. आणि ज्याने कधी थापी हातात धरलेली नाही असा माणूस दोन आठवड्यांसाठी जाऊन शाळेची भिंत बांधायला लागला की भिंतही वाकडी होते आणि तिथल्या गवंड्याचा रोजगारही बुडतो.

मी अकाउंट्सवाली. माझ्या कागदावर एवढंच होतं आणि तेवढं पुरलं.

आता किती दिवस जायचं. दोन-तीन आठवडेच असतील तर वर्ककॅम्प बघा, तिथे वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र राहून एखादं ठरलेलं काम करतात. ही पद्धत जुनी आहे, पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये पियरे सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेलं एक गाव पुन्हा उभं करायला अशी माणसं गोळा केली, त्यात जर्मनही होते, तिथून ती सुरू झाली. पण खरं कम्युनिटी डेव्हलपमेंटचं काम, म्हणजे गावाची पाणी समिती, बचत गट, आरोग्य सेविकांचं ट्रेनिंग वगैरे, त्याला महिने लागतात, पहिला महिना तर माणसं ओळखण्यातच जातो. पीस कोअर हा अमेरिकी सरकारचा 1961 मध्ये सुरू झालेला व्हॉलंटिअर कार्यक्रम तर तीन महिन्यांचं ट्रेनिंग देऊन वर दोन वर्षं ठेवतो, पण तो फक्त अमेरिकन नागरिकांना घेतो. कुठल्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो असा मोठा कार्यक्रम म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा, यूएन व्हॉलंटिअर्स, 1970 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव करून सुरू केलेला. तिथे निवडले गेलात तर राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो आणि अर्जाच्या कुठल्याही टप्प्यावर फी नसते, त्यामुळे यूएनच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ते फसवणूकच समजा. ब्रिटनमध्ये 1958 मध्ये सुरू झालेली व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही संस्थासुद्धा हातात कौशल्य असलेली माणसं शोधते.

लहान संस्था फी घेतात, आणि फी घेतली म्हणजे लबाडच असं नाही, राहणं जेवण ट्रेनिंग याला खर्च असतोच. फक्त हिशेब मागा. माझ्या पैशातले किती तिथल्या कामाला जातात आणि किती ऑफिस आणि जाहिरातीला, हे लेखी विचारा. सरळ संस्था दोन दिवसांत उत्तर देते, जिथे उत्तराऐवजी हसऱ्या मुलांचे अजून चार फोटो येतात तिथे पुढे जाऊ नका.

पैशांपेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळेच आहेत. हे काम मागितलं कोणी, गावाने की संस्थेने? माझ्या आधी ते कोण करत होतं? तिथे माझा वरिष्ठ कोण, तो तिथलाच आहे का? आणि मी गेल्यावर हे काम कोणाच्या हातात राहणार, त्या माणसाचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला नाव मिळालं तर ती संस्था चांगली, असं मी बेधडक सांगते, नाव मिळालं नाही तर तुम्ही तिथे सहा महिने राबाल आणि तुम्ही निघालात की सगळं थांबेल. आधी जाऊन आलेल्या एक-दोन व्हॉलंटिअरशी बोलायला मागा आणि त्यांना काय आवडलं हे विचारण्यापेक्षा काय बिघडलं ते विचारा.

आणि एक हात जोडून सांगते, अनाथाश्रमात जाऊ नका. तुमच्या मनात माया आहे हे मला कळतं, पण आत काय चालतं ते बघा. जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील आहेत, गरिबीमुळे किंवा शाळेच्या आशेने त्यांना तिथे ठेवलेलं असतं, आणि परदेशी पाहुणे पैसे घेऊन येतात म्हटल्यावर काही ठिकाणी मुलं मुद्दाम गोळा करून ठेवली जातात. जे मूल दर पंधरा दिवसांनी नव्या ताईच्या गळ्यात पडतं आणि पुन्हा एकटं पडतं त्याचं काय होत असेल याचा विचार करा. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात, अनाथाश्रमांतल्या व्हॉलंटिअरिंगमुळे होणारं नुकसान रोखा, असं देशांना सांगितलंय. शाळेत किंवा मुलांसोबत दुसरं काही काम असेल तरी जी संस्था तुमचं पोलिस व्हेरिफिकेशन न मागता तुम्हाला मुलांमध्ये सोडते तिथे थांबू नका, तुम्हाला सोडलं तसं दुसऱ्या कोणालाही सोडत असणार.

कागदपत्रं निघायच्या निदान तीन महिने आधी सुरू करा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली हवी, पुष्कळ देश ते बघतात. टुरिस्ट व्हिसावर जा, कोणी विचारत नाही, असं सांगणारे भेटतील, पण बऱ्याच देशांत बिनपगारी काम हेही कामच धरतात आणि पकडले गेलात तर तुमच्यासोबत ती गावातली संस्थाही अडचणीत येते. लसींसाठी सहा ते आठ आठवडे आधी ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये जा. यलो फीव्हरची (पीतज्वराची) लस घेतल्यावर, काही देश मागतात ते सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही, जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. खेड्यात राहणार असाल तर रेबीजच्या आगाऊ लसीबद्दल नक्की विचारा, ती घेतलेली असली तरी कुत्रं चावल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात, पण दूरच्या गावात कधी कधी मिळत नाही ते इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) मग लागत नाही. इन्शुरन्समध्ये आजारी पडल्यावर दुसऱ्या ठिकाणी हलवायचा खर्च धरलाय का ते बघा आणि मोटरसायकलचं कलम वाचाच. फील्डवर जायला बहुतेक वेळा मोटरसायकलच असते आणि तोच अपघात पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेला असतो.

तिथे पोचल्यावर पहिले काही आठवडे फक्त बघा. मी एका गावाच्या पाणी समितीसोबत काम केलं, तिथे आफ्रिडेव्ह नावाचा हातपंप होता. 1980 च्या दशकात तो असाच बनवला गेला की गावातल्या माणसाला स्वतः दुरुस्त करता यावा, एका पान्यावर जवळजवळ सगळं काम होतं. समितीच्या खजिनदार बाईंनी माझ्यासमोर तो खोलला, एकेक रॉड वर ओढून माझ्या हातात दिला, खालून झिजलेलं रबराचं सील काढलं, तळहातात मावेल एवढंच ते, नवं बसवलं आणि तासाभरात पाणी चालू. दुरुस्ती त्यांना येत होती. अडत होतं ते पैशांपाशी, सील फाटलं की घरोघर वर्गणी मागत फिरायचं आणि तोवर आठवडाभर पाणी नाही. मी लॅपटॉपवर छान शीट बनवली. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तू गेल्यावर हे कशावर उघडू? त्या दिवसापासून आम्ही त्यांच्याच वहीत पट्टीने रकाने आखले, घराचं नाव, महिना, दिले-बाकी, आणि पहिल्या पानावर सीलची किंमत. शीट मी डिलीट केली.

म्हणून तिथली भाषा थोडी तरी शिकूनच जा, निदान आकडे, नमस्कार, मला कळलं नाही पुन्हा सांगा, एवढं तरी. फोटो काढण्याआधी विचारा, मुलांचे तर आईबापांना विचारल्याशिवाय नकोच. पैसे कोणी मागितले तर हातात न देता समितीत विषय काढा, एकाला दिले की बाकीच्यांशी तुमचं नातं बदलतं आणि ते परत जुळत नाही.

शेवटचा महिना काम सोडायचा ठेवा. त्या महिन्यात वही मी हातात घेतली नाही, शेजारी बसले फक्त. चुकलं तर त्यांनीच शोधायचं, दोनदा बेरीज चुकली, दोन्ही वेळा सापडली.

मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या घेत असाल तर परत आल्यावर त्या लगेच बंद करू नका, त्यातली डॉक्सीसायक्लिन असेल तर मलेरिया असलेला भाग सोडल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. आणि पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी हे सांगा की तुम्ही कुठे राहून आलात.