सोल्युशन लावलं, पाइप घातला आणि मी हात सोडला

पाइप कसा कापायचा, टेफ्लॉन कुठल्या बाजूने गुंडाळायचा हे आयटीआयमध्ये किंवा साइटवर तुम्ही शिकलाच असाल. ते सोडून देतो. माझी पंधरा दिवसांची मजुरी ज्यात गेली, तेवढंच सांगतो.

पुण्यात वाकडला अकरा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम होतं. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप, आणि सगळं कन्सील्ड, भिंतीच्या आत. माझा उस्ताद हाताचा फार चपळ. एक एल्बो (पाइप वळवणारा जोड) लावून होईतो दुसऱ्याला सोल्युशनचा, म्हणजे पाइप जोडायच्या द्रवाचा, ब्रश फिरलेला असायचा. मला तो वेग म्हणजेच कसब वाटायचं. तीन आठवड्यांनी खालच्या काकूंच्या छताला ओल आली. टाइल्स फोडल्या, तर गळणारा जॉइंट मीच केलेला.

तो एल्बो मी हॅक्सॉने उभा चिरून पाहिला. पाइप आतल्या कडेपर्यंत गेलेलाच नव्हता, 7 मिमी मागे होता. पाऊण इंची फिटिंगचा सॉकेट, म्हणजे पाइप ज्यात बसतो ते तोंड, खोल असतो जेमतेम 18 मिमी. पण मी तर पाइप शेवटपर्यंत दाबला होता! मग मागे आला कसा?

इथेच नीट लक्ष द्या. सॉकेट आत निमुळता होत जातो. कोरडा पाइप घालून पाहा, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत गेला की अडकतो. अडकायलाच हवा, सैल सरकून तळाला टेकला तर ते फिटिंग बाजूला ठेवा. सोल्युशन हा गम नाही. ते पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं, मऊ झालेले दोन थर एकमेकांवर दाबले जाऊन एकजीव होतात, आणि तो दाब निमुळतेपणामुळेच मिळतो. पण सुरुवातीला सगळं बुळबुळीत असतं. ओला साबण मुठीत आवळला की जसा सटकतो, तसा सॉकेट पाइपला हळूच बाहेर ढकलतो. डोळ्यांना कळतही नाही. म्हणून पाइप पाव फेरा फिरवत आत घाला आणि तसाच दाबून धरा, निदान 30 सेकंद. मोबाइल वाजला तर वाजू दे.

आणि पेन्सिल! सॉकेटची खोली मोजून पाइपवर खूण करा. खूण तिथून पाइपवर मागे थोडी लांब ओढा, नाहीतर ब्रश तिच्यावरून फिरतो आणि ती सगळीच पुसली जाते. जोडल्यावर खूण तोंडाशी दिसली पाहिजे. पाच मिनिटांनी पुन्हा बघा. उस्ताद हसेल. माझा हसला होता. टाइल्स फोडायचा खर्च निघाला तेव्हा मात्र तो दुसऱ्या साइटवर होता.

बाकीचं थोडक्यात. कापलेल्या तोंडाची बुरी, म्हणजे कडेला राहिलेली कुसळं, काढा, नाहीतर ती सोल्युशन खरवडत आत नेते. पाइपवर भरपूर लावा, सॉकेटमध्ये पातळ. आत साचलं तर फिटिंगच मऊ पडतं. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, पीव्हीसीचा डबा उरलाय म्हणून तो वापरू नका, गीझरच्या लाइनला तर मुळीच नको. डबा घट्ट झाला तर फेकून द्या. त्यात थिनर ओतणाऱ्या मिस्त्रीकडून काहीच शिकू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद जागेत, काम करताना हवा खेळती ठेवा, डोकं दुखायला लागलं तर बाहेर या. आणि जवळ बिडी पेटवू देऊ नका, ती वाफ पेट घेते.

घाबरू नका. माझे पहिले वीसेक जॉइंट वाकडेतिकडे होते, त्यातले बहुतेक अजून धरून आहेत. वाकडा जॉइंट चालतो, अर्धवट बसलेला चालत नाही.

आम्ही तेव्हा ड्रममधलं पाणी सोडून टेस्टिंग उरकलं होतं. त्यात गळलं नाही, गळणारच नव्हतं, दाबच कमी होता. दर 10 मीटर उंचीला साधारण एक किलो (चौरस सेंटीमीटरला) दाब धरा. गच्चीवरची टाकी सुरू झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पावणेतीन किलोच्या आसपास दाब आला असणार. आता मी 24 तास लाइनला हात लावत नाही, पावसाळ्यात त्याहूनही जास्त थांबतो. मग टेस्टिंगच्या हँडपंपाने दाब भरून दाबमापकाचा काटा रात्रभर तसाच ठेवतो. टाइल्सवाला घाई करतो, मालकही करतात. त्यांना तो चिरलेला एल्बो दाखवतो, टूलबॅगमध्येच असतो.