मेलडी, हार्मनी, टेक्स्चर, फॉर्म: एकाच चालीवर चारही शिकून घ्या

म्युझिक थिअरी शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात तीसचाळीस नवे शब्द अंगावर येतात आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. मी सोडलं नाही, मी पाठ केलं, परीक्षेत मार्कही चांगले पडले, पण नंतर एकदा कुणीतरी रेकॉर्डिंग लावून विचारलं की आत्ता कुठला कॅडेन्स (ओळीच्या शेवटचा विराम) झाला, तर कॅडेन्स होऊन गेला हेच मला कळलं नव्हतं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की हे शब्द वहीत नाही, कानात बसवायचे असतात, आणि त्यासाठी एक साधी, तोंडपाठ चाल घेऊन तिच्यावरच सगळं करून बघायचं.

चाल घेऊ ट्विंकल ट्विंकलची, कारण ती सगळ्यांना येते. सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. मग प प म म ग ग रे, हेच अजून एकदा, आणि शेवटी पहिली ओळ पुन्हा. सा म्हणजे सी धरा म्हणजे सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर येतं. कीबोर्ड नसला तरी फोनवरचं पियानोचं अ‍ॅप पुरतं, पण वाजवून बघा, नुसतं वाचू नका.

आधी मेलडी, म्हणजे आपली चाल. सा वरून एकदम प वर गेलो, मधले रे ग म गाळले, ही उडी झाली, तिला लीप म्हणतात. त्यानंतर बघा, अख्ख्या चालीत बहुतेक ठिकाणी आपण शेजारच्याच सुरावर सरकतोय, ती स्टेप. चांगल्या चालींमध्ये हे खूप वेळा दिसतं, एक उडी मारायची आणि मग पायरी पायरीने खाली यायचं. वर चढून खाली उतरण्याचा जो आकार बोटाने हवेत काढता येईल तो कॉन्टूर, आणि सर्वात खालच्या सुरापासून सर्वात वरच्यापर्यंतचं अंतर म्हणजे रेंज, इथे ती फक्त सा ते ध आहे म्हणून लहान मूलसुद्धा ती गाऊ शकतं. जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे फ्रेज संपते. फ्रेजपेक्षाही लहान, पण ओळखू येणारा तुकडा म्हणजे मोटिफ, बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आठवा, तीन छोटे सूर आणि एक लांब, एवढ्या चार सुरांवर त्याने पहिला अख्खा भाग उभा केलाय.

आता एक मजा बघा. म म ग ग रे रे सा आणि त्याच्यानंतर येणारं प प म म ग ग रे, हे दोन्ही शेजारी शेजारी वाजवा. तीच उतरण आहे, फक्त एक पायरी वरून! याला सीक्वेन्स म्हणतात. मला हे कळलं तेव्हा इतक्या वर्षांची ओळखीची चाल पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली होती.

हार्मनीवर, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणाऱ्या सुरांवर, जरा जास्त वेळ घालवा, लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. दोन सुरांमधलं अंतर म्हणजे इंटरव्हल. तीन सूर एक आड एक घेऊन एकदम वाजवले की ट्रायड, म्हणजे सर्वात साधी कॉर्ड. सा ग प वाजवा, सा ते ग चार सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे एक सेमीटोन), ग ते प तीन, ही मेजर. आता फक्त ग कोमल करा, म्हणजे एक सेमीटोन खाली आणा, अंतरं उलटी झाली, आधी तीन मग चार, ही मायनर. एकच बोट सरकलं आणि अख्खा रंग बदलला.

आपल्या चालीला तीनच कॉर्ड पुरतात. सा ग प ही टॉनिक म्हणजे घर, म ध सा ही सबडॉमिनंट म्हणजे घरातून बाहेर पडणं, आणि प नी रे ही डॉमिनंट, जी सतत घराकडे ओढते. का ओढते? कारण तिच्यातला नी हा वरच्या सा च्या फक्त एक सेमीटोन खाली आहे, अगदी दारात उभा. तिच्यात म घालून प नी रे म केलं की ती डॉमिनंट सेवन्थ होते आणि ओढ दुप्पट होते, कारण आता नी ला वर सा कडे जायचंय आणि म ला खाली ग कडे. ही जी खेच वाटते तो डिसोनन्स आणि ती सुटली की झालं रेझोल्यूशन.

आता कॅडेन्स, ज्याने माझी फजिती केली होती. कॅडेन्स म्हणजे फ्रेजच्या शेवटचं विरामचिन्ह. पहिल्या ओळीच्या शेवटी रे रे खाली डॉमिनंट वाजवा आणि सा खाली टॉनिक, पूर्णविराम पडला, हा ऑथेंटिक कॅडेन्स. मग प प म म ग ग रे वाजवा आणि शेवटच्या रे खाली डॉमिनंट धरून थांबा. थांबवतच नाही ना? तो हाफ कॅडेन्स, स्वल्पविराम. आता पहिल्या ओळीचा शेवट परत घ्या पण शेवटच्या सा खाली टॉनिकऐवजी ध सा ग ही मायनर कॉर्ड टाका. चाल तीच, सूर तोच, पण पायाखालची जमीन सरकते, याचं नाव डिसेप्टिव्ह कॅडेन्स. चौथा प्लेगल, म ध सा वरून थेट सा ग प वर, चर्चमधल्या प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतात तो. हे चारही रोज पाच मिनिटं वाजवा, काही दिवसांत ते कुठल्याही गाण्यात आपोआप ऐकू यायला लागतात.

टेक्स्चर त्यामानाने सोपं आहे, फक्त एक गैरसमज काढून टाका. टेक्स्चर म्हणजे आवाज मऊ की खरखरीत हे नाही, तो टिंबर. टेक्स्चर म्हणजे एका वेळी किती धागे चालू आहेत आणि त्यांचं आपसात नातं काय. एकटी चाल म्हणजे मोनोफनी, आणि तीस व्हायोलिन तीच चाल एकत्र वाजवत असतील तरी ती मोनोफनीच. चालीखाली कॉर्ड आल्या की होमोफनी, मग कॉर्ड एकदम वाजवा किंवा सा प ग प असं तोडून, चाल मालकीण आणि बाकीचे तिला साथ देणारे. गाणारा गातोय आणि वाद्य त्याच्या मागोमाग तीच चाल थोडी वेगळी सजवून वाजवतंय, ती हेटेरोफनी. आणि दोन किंवा जास्त चाली, प्रत्येक आपापल्या परीने स्वतंत्र, एकाच वेळी, म्हणजे पॉलिफनी. बाखच्या टू पार्ट इन्व्हेन्शन्समधली पहिली ऐका, उजवा हात सा रे ग म रे ग सा असं काहीतरी बोलतो आणि लगेच डावा हात तेच एक सप्तक खालून बोलतो, या नकलेला इमिटेशन म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त डाव्या हाताकडे कान द्या, नाहीतर तो साथीदार वाटून जातो आणि सगळी गंमत निसटते.

राहिला फॉर्म, म्हणजे काय कधी परत येतं. आपली चाल बघा, पहिली ओळ ए, मधला भाग बी, परत ए, झाला टर्नरी फॉर्म, चार चार चार असे बारा बार (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन, इथे चार मात्रांचं). ए नंतर बी येऊन तिथेच संपलं तर बायनरी. ए बी ए सी ए, म्हणजे मूळ भाग दर थोड्या वेळाने घरी येतोय, तो रॉन्डो. तीच चाल, प्रत्येक कडव्याला शब्द वेगळे, तो स्ट्रोफिक. कडवं आणि ध्रुवपद आलटून पालटून ही तर सरळ व्हर्स कोरसची गोष्ट. सोनाटा फॉर्मला लोक उगाच घाबरतात, त्यात आधी दोन कल्पना दोन वेगळ्या कीमध्ये, म्हणजे वेगवेगळे सा धरून, मांडतात ते एक्स्पोझिशन, मग त्यांची मोडतोड करून दूरदूरच्या कीमध्ये फिरवतात ते डेव्हलपमेंट, आणि मग दोघी घरच्या कीमध्ये परततात ते रिकॅपिट्युलेशन. फॉर्म ऐकताना कागद घेऊन बसा आणि काही परत आलं असं वाटलं की तेच अक्षर लिहा, बस.

याच चालीवर मोझार्टने पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स लिहिलीत, म्हणजे थीम अँड व्हेरिएशन्स हा फॉर्म. आधी मूळ थीम ऐका, मग पहिलं, दुसरं, आठवं आणि बारावं एवढीच ऐका आणि दरवेळी स्वतःला विचारा की चारांपैकी काय बदललं. पहिल्यात उजवा हात भरभर धावतो, दुसऱ्यात ते धावणं डाव्या हाताकडे जातं, आठव्यात सगळं मायनरमध्ये जातं, आणि बाराव्यात दोनाच्या ठेक्याऐवजी तीनाचा ठेका येतो, तरी आतून सा सा प प ऐकू येतच राहतं.