कुत्रा खोकतोय? घशात हाड शोधत बसू नका, या चुका टाळा

दिवाळीत गावी जाऊन आलात, बोर्डिंगमधून कुत्र्याला घरी आणलंत आणि चार-पाच दिवसांत त्याला कोरडी ढास लागली. खोकून खोकून शेवटी उलटीचा आव आणतो आणि थोडा पांढरा फेस टाकतो. बहुतेक घरांत पहिला अंदाज ठरलेला असतो: घशात हाड अडकलं. मग जबडा उघडून बोटं घालणं सुरू होतं. तसं करू नका. खरंच काही अडकलं असेल तर कुत्रा खाता-खेळता एकदम कासावीस होतो, पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गाळतो, आणि मग थेट डॉक्टरच गाठायचे असतात. पण एरवी नीट जेवणारा, दार वाजलं की धावत जाणारा कुत्रा गळ्यातला पट्टा ताणला गेला की ढासत असेल, तर बहुधा तो केनेल कफ, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा खोकला आहे.

हा एकाच जंतूचा आजार नाही. बॉर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अडेनोव्हायरस हे विषाणू, कधी यातले दोन-तीन मिळूनही येतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 2 ते 14 दिवस लागतात.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'साधा खोकलाय' म्हणून त्याला नेहमीसारखं पुण्यातल्या तळजाई किंवा वेताळ टेकडीवर मोकळं सोडणं. तुमचा धडधाकट लॅब्रडॉर आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होईलही, पण तिथे त्याच्या नाकाला नाक लावणारं दोन महिन्यांचं पिल्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. निदान 2 आठवडे आणि खोकला पूर्ण थांबेपर्यंत त्याला इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा. खोकला थांबल्यावरही काही कुत्रे बॉर्डेटेला पसरवत राहतात. शी-शूसाठी न्यायचं तर वर्दळ नसताना, गेटजवळ भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यापासून दूर. त्या बिचाऱ्यांपैकी अनेकांना लस मिळालेली नसते. फिरवायला येणारा मुलगा इतर कुत्रेही सांभाळत असेल तर त्याला सांगा. सोसायटीच्या ग्रुपवरही कळवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी चूक घरातल्या औषधांच्या डब्याची. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतं. बिनसाखरेच्या खोकल्याच्या औषधात झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. छातीला चोळायच्या बाममध्ये कापूर असतो, आणि कुत्रा तो चाटणारच. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकही नको. सौम्य आजारात ती बऱ्याचदा लागतच नाही, लागली तर डॉक्टर देतील. घरी करण्यासारखं एवढंच: गळ्याच्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), कोमट मऊ जेवण, भरपूर विश्रांती आणि गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये तुमच्यासोबत दहा मिनिटं. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल त्याच्या खोलीत लावू नका.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. नाका-डोळ्यांतून घट्ट पिवळा चिकट स्राव, ताप, जुलाब-उलट्या आणि मरगळ असेल तर तो डिस्टेंपर हा विषाणूचा गंभीर आजार असू शकतो. पुढे स्नायू फडफडणं, काही चघळत असल्यासारखे जबड्याचे झटके अशी लक्षणं येतात. त्यावर विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही, म्हणून थांबून बघण्यात वेळ घालवू नका.

श्वास मोजायला शिका. कुत्रा गाढ झोपलेला असताना बरगड्यांकडे बघा. वर-खाली मिळून एक श्वास, 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला 30च्या वर सतत जात असेल, हिरड्या फिकट किंवा निळसर दिसत असतील, ताप 103 फॅरनहाइटच्या वर असेल, खाणं सुटलं असेल किंवा कुत्रा अगदी लहान पिल्लू असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. क्लिनिकमध्ये आधी फोन करून खोकला असल्याचं सांगा आणि बोलावेपर्यंत बाहेर गाडीत किंवा रिक्षातच थांबा.

म्हाताऱ्या पॉमेरेनियनचा महिनोन्महिने चालणारा खोकला मात्र वेगळा. तिथे श्वासनलिका किंवा हृदय तपासून घ्यावं लागतं.

लसीबद्दलही एक गैरसमज आहे. दरवर्षीच्या '7 इन 1' या एकत्रित लसीत डिस्टेंपरपासून संरक्षण असतं, बॉर्डेटेलापासून नसतं. बॉर्डेटेलाची लस वेगळी, बहुधा नाकात थेंब टाकून देतात. बोर्डिंगच्या आदल्या दिवशी ती देऊन भागत नाही, 3 आठवडे आधी द्या. आणि जागा नक्की करताना बोर्डिंगवाल्यांना विचारा: तुम्ही इतरांची लसीची वही बघता का, आणि एखादा कुत्रा खोकायला लागला तर त्याला ठेवायला वेगळी खोली आहे का?