रोबोटिक्स-एआयचं पुस्तक घेताय? आधी सेन्सरचं पान उघडा

गोव्यातल्या शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्स आलं तेव्हापासून फोंड्यापासून म्हापशापर्यंत आईबाबा एकच विचारतात, पोराला पुस्तक कुठलं घेऊ. मी आधी सांगतो, लगेच घेऊ नका, आधी बघा. पणजीत पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची, तिथे एक दुपार काढा. पुस्तकं ड्युई नंबरने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठराविक आकडा देणाऱ्या पद्धतीने, लावलेली असली की एआय मिळेल ००६.३ ला, रोबोट मिळतील ६२९.८९२ ला आणि इलेक्ट्रॉनिक्स ६२१.३८१ ला, म्हणजे तीन वेगवेगळी कपाटं, एकाच ठिकाणी शोधून "काहीच नाही" म्हणत परत येऊ नका.

आता पारखायचं कसं. रोबोटवर लिहिलेली बरीच पुस्तकं नुसती चित्रं आणि इतिहास, हाताला काहीच लागत नाही. म्हणून मी सरळ आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरचं पान उघडतो, तो एचसी-एसआर०४, पुढे दोन डोळ्यांसारखे गोल असलेला, स्वस्तातला. हा सेन्सर एको पिनवर, म्हणजे सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकावर, ५ व्होल्ट देतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची पिन फक्त ३.३ व्होल्टची, सरळ जोडलं तर पिन खराब व्हायची भीती. चांगला लेखक तिथे थांबतो, एक हजार आणि दोन हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कसं उतरवायचं ते आकृतीसकट दाखवतो आणि का ते पण सांगतो. आर्डुइनो उनो या सर्किट बोर्डवर हा प्रश्न येत नाही, ती ५ व्होल्टवरच चालते, आणि म्हणूनच लहान पोरांना सुरुवात उनोवाल्या पुस्तकाने करा असं माझं स्पष्ट मत आहे. रास्पबेरी पायवालं पुस्तक असून दोन रेझिस्टरचा उल्लेखच नसेल तर ते परत कपाटात ठेवा, ज्याने स्वतः जोडून बघितलंय तो हे विसरत नाही.

मग कोड बघा. पायथनमध्ये प्रिंटपुढे कंस नसेल तर ते पायथन २, त्याचा सपोर्ट २०२० मध्येच संपला. टेन्सरफ्लो या एआयच्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये सारखं सेशन-सेशन दिसलं तर ते २०१९ च्या आधीच्या पद्धतीचं, पोरगं एरर बघून कंटाळेल. रास्पबेरी पाय ५ घेतला असेल तर जुन्या पुस्तकांतली आरपीआय जीपीआयओ लायब्ररी, म्हणजे पिन चालवणारा तयार कोड, त्यावर चालत नाही, हे पण लक्षात ठेवा. ओहमचा नियम, मोटर, गणित यांची पुस्तकं मात्र जुनी, सेकंडहँड बिनधास्त घ्या.

एआयसाठी कॉलेजच्या पोरांना जेरॉनचं 'हँड्स-ऑन मशीन लर्निंग' द्या, पण तिसरी आवृत्ती, २०२२ ची. रसेल-नॉर्विगचं एआयवरचं जाडजूड पुस्तक उत्तम आहे पण ते विषय समजायला, करून बघायला नाही, त्याने सुरुवात करू नका. पैसे घालायचेच नसतील तर 'डाइव्ह इन्टू डीप लर्निंग' पूर्ण नेटवर फुकट आहे, कोडसकट, फक्त त्याआधी थोडं पायथन यायला हवं.

आणि ऑर्डर देण्याआधी गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर पुस्तकाच्या कोडचं पान उघडून बघा, शेवटचा बदल कधीचा आहे आणि वाचकांच्या प्रश्नांना लेखक उत्तर देतो का, दोन मिनिटांचं काम आहे.